डोहाळे

किबालेच्या रानात उजाडायच्या आधी
तिबा जागी होते. वर, घरट्यात.
रात्रीपुरत्या वाकवलेल्या फांद्या, सकाळी सोडून द्यायच्या.
आधी मुतते, मग बाकीचं.
मी खाली डबी धरून उभी.
माझी नोकरी हीच.

मागच्या महिन्यात नाकात गोचीड शिरली.
चिंपांझींच्या नाकात असते, तीच जात.
चिमट्यानं ओढली, बाटलीत घातली,
तिच्यावरही तारीख लिहिली.

उंबर फोडून केंबरं कोण बघतं?
मी बघते.
बिनपंखी नर, आंधळे, फळातच जन्मतात,
फळातच जुगतात,
माद्यांसाठी भिंतीला भोक पाडतात
आणि आतच मरतात.
लगडलेलं ते झाड
तिबा काल ओलांडून गेली. एकही फळ नाही तोडलं.

आज तिनं मंजिष्ठेचं पान तोडलं,
जिभेवर ठेवलं, टाळूशी दाबून घडी घातली,
न चावता गिळलं.
तोंड वाकडं. मग दुसरं. मग अकरा.
पोरानं बघून एक तोंडात घातलं
आणि थुंकलं.

दुपारी तीच पानं माझ्या चाळणीत,
घडीसकट, हिरवी,
आणि खरबरीत लवेत अडकलेले दोन जंत
पांढऱ्या दोऱ्यासारखे, वळवळणारे.
‘शहाणी आहे,’ आबवोली म्हणाला. तीस वर्षं वाटाड्या आहे तो.
मला शहाणी नाही वाटली.
कासावीस वाटली.

लामुनू मावशीच्या घोट्यातून नारू निघाला
तेव्हा मी सात वर्षांची, कितगुमला.
काडीला गुंडाळायचा, दिवसाला दोन बोटं,
घाई नाही. तुटला तर आत सडतो.
वर्षापूर्वी ती तळ्याचं पाणी प्यायली होती,
पाण्यात एक ठिपका होता, एवढंच.
आता घोट्यात निखारा,
आणि एकच घोशा: तळ्यावर न्या,
पाय बुडवू द्या.
आम्ही तिला दारच्या खांबाला बांधलं.
मावशी आईला शिव्या देत होती,
ज्या मी आजवर कुणाला दिल्या नाहीत.
पाणी नारूला हवं होतं,
पिलं सोडायला.
पण घसा कोरडा पडेस्तोवर
रडली ती.

हल्ली संध्याकाळी डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या
की मी मागच्या वारुळाशी जाते.
आबवोली बघतो, विचारत नाही.
माती लाल, जरा ओलसर,
जिभेवर पावसाळी पत्र्याच्या चवीची.
एक चिमूट म्हणून येते
आणि मूठ होते.

पाचवा महिना. ओबोलला फोनवर
अजून मातीचं सांगितलेलं नाही.
सांगायचं तरी काय,
मी खाते म्हणून, की
तिबाही इथूनच खाते:
तिच्या बोटांचे ओरखडे आहेत वारुळावर,
माझ्या खांद्याच्या जरा खाली.
त्यांच्या शेजारी
आज माझी नखं.