फक्त बघायला

"फक्त बघायला जाऊ," वडील म्हणाले.
त्यांना डाव्या डोळ्यानं आता कडा तेवढ्या दिसतात,
उजव्यानं त्याही नाहीत.

फाल्मथहून निघालो सप्टेंबरातल्या एका गुरुवारी,
'म्युरिएल' अधूनमधून खोकत.
म्युरिएल ही पहिल्या मालकाची बायको.
बोटीचं नाव बदलू नये म्हणतात,
म्हणून माझी आई छत्तीस वर्षं
परक्या बाईच्या नावाखाली अंडी तळत आली,
आणि शेवटपर्यंत म्हणायची, सवत माझी छान तरंगते.

सुकाणू माझ्या हाती. कान त्यांचे.
"उजव्या इंजिनाच्या घशात काहीतरी आहे,"
म्हणाले पोर्टलंडच्या अलीकडे,
आणि फिल्टर उघडला तर खरंच, तळाशी पाणी.
दुसऱ्या दिवशी नीडल्सचे खडक दिसले:
नाव सुयांचं, नेढं एकालाही नाही.
पुढे हर्स्टच्या चिंचोळ्या वाटेत
समुद्र आधी कढईतल्या तेलासारखा गप्प,
मग एकदम तडतडला.
त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
दिसेनासं झालं की माणूस
वाऱ्याला चेहरा जास्त देतो.

साऊथॅम्प्टनला तरंगत्या धक्क्यांवर निळा गालिचा.
पांढऱ्या बोटी ओळीनं,
नुकतेच दात घासून उभ्या राहिल्यासारख्या.
प्रत्येकीसमोर टोपली, टोपलीत लोकांचे बूट.
वडिलांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक.
मला लाज वाटली, मग लाज वाटल्याची वाटली.

पिअर्स नावाचा तरुण, कोऱ्या शर्टाचा, म्हणाला,
"हिला एका बोटानं धक्क्याला लावता येतं, सर."
"उरलेल्या नऊंनी काय करायचं?"
तो हसला. शिकवलेलं हसू, पण वाईट नव्हतं.
वडिलांनी मडकं वाजवून बघावं
तशी बोटीची कूस वाजवली,
कान लावला, काही बोलले नाहीत.
मग विचारलं, "तळाशी वास कसला येतो?"
"वासच नाही, सर."
"मग आजारी पडली की कळणार कसं?"

रात्री आमच्या दिव्याखाली
मी त्यांना माहितीपत्रकं वाचून दाखवली.
झोपण्याच्या खोल्या चार, बर्फ करायचं यंत्र,
किंमत: विचारावी.
"विचारू नये," ते म्हणाले, आणि दिवा विझवला,
जो त्यांना तसाही लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेनफोल्ड आला.
हातात टेप, ओल मोजायचं यंत्र, खिशात कागद.
थेट त्यांच्याशी हात मिळवला, ओळख असल्यासारखा,
आणि मला कळलं
फक्त बघायला कोण आलं होतं, कोणाला.
सही मेमधेच झाली होती.
सही करताना बोट कुणी कागदावर टेकवून दिलं,
हे मी अजून विचारलेलं नाही.

मी भांडले. हळू आवाजात, कारण शेजारी
लोक सकाळी अकरालाच शॅम्पेन पीत होते.
ते ऐकत राहिले, इंजिन ऐकावं तसे.
मग म्हणाले, "वेना, इथे भरती आली की लगेच उतरत नाही.
थोडी ओसरते, परत चढते. वेळ मिळतो.
दोर आत्ता सैल करू नकोस."

किटली घेतली. आईची चाकू-धार लावायची कानस घेतली.
मी होकायंत्राचे स्क्रू काढायला बसले
तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"ते राहू दे. त्याच्या शेजारच्या तक्त्यात
हिच्या लोखंडानं ते कुठे किती चुकतं,
सगळं लिहिलंय, माझ्या अक्षरात.
घरी नेलं तर चुकेल तेवढंच,
पण कशामुळे, ते कुणाला सांगता येणार नाही."

परतीची गाडी दोन चाळीसची.
खिडकीची जागा त्यांनी मला दिली.
किटली मांडीवर, तिच्या तोटीत
कुठेतरी उरलेलं घोटभर पाणी
वळण आलं की वाजायचं.
ते प्रत्येक वळण ओळखून
हळूच नाव घेत होते.