मस्कत–मुंबई, एकेरी

पंधराशे साठ किलोमीटर.
उड्डाण अडीच तासांचं, वारा पाठीशी असला
तर पाच-दहा मिनिटं कमी.
रुवीच्या या काउंटरवर बारा वर्षं
हेच सांगते आहे.
भाडी बदलली, हा आकडा नाही.

तरी तिकिटावरचं गणित लोकांना पटत नाही.
"मॅडम, दहाला सुटतंय, दोनला पोचतंय,
म्हणजे चार तास झाले की!"
मग मी पॅडवर दोन घड्याळं काढते,
एक इथलं,
एक तिकडचं, दीड तास पुढे गेलेलं.
"आणि येताना?"
येताना चारला बसा, पाचला उतरा.
ते हसतात. फुकटात काही मिळालं
की इथे सगळेच हसतात.

गोविंद पाष्टे हसायचे नाहीत.
सूरच्या बंदरात क्रेनवर,
दोन वर्षांतून एकदा सुट्टी.
"अडीच तास तुमचे. माझे सांगू?
सूरवरनं हितं यायला तीन,
विमानतळावर तीन, बूट काढा, बूट घाला,
मुंबईला पट्ट्यापाशी खोक्याची वाट,
मग रातची एसटी, शृंगारतळीला उजाडतं,
रिक्षावाला ओळखीचा असला तर दारापर्यंत,
नायतर वरच्या वाडीपर्यंत.
आणि दारात पोरगी मला काका म्हणते.
तो टायम कुठल्या रकान्यात लिहिता?"

रकाना नव्हता. मी स्टेपलर शोधत राहिले.

आज ते आले, एसीखालची बादली ओलांडून.
पासपोर्टात घडी घातलेला कागद: व्हिसा रद्द.
"परतीची तारीख?" मी सवयीने.
"नाय. एकच बाजू."

प्रिंटर कागद ओढतो, अडकतो, पुन्हा ओढतो.
तेवढ्यात मला नको ते सुचतं:
माणूस इकडे पहिल्यांदा उतरतो तेव्हा
हातात दीड तास जास्तीचा पडतो,
न मागितलेला.
मधल्या फेऱ्यांत तो देतो, परत घेतो,
खातं तसंच उघडं.
पाष्टेंचं एकोणीस वर्षं उघडं होतं.
परवा रात्री समुद्रावर कुठेतरी
समोर उपम्याचा डबा असताना
ते बंद होईल.
व्याजाचं मी विचारलं नाही.
पोरीचं लग्न वैशाखात आहे, म्हणाले.

सही करताना बाही वर सरकली.
भिंतीवर अकरा वीस,
त्यांच्या मनगटावर बारा पन्नास.
"आत्ताच लावून ठेवलंत पुढे?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं,
जसं कुणी आपल्याच पायाकडे पाहावं.
"लावलं नाय," म्हणाले,
"मागं कधी घेतलंच नव्हतं."

मग तिकिटाच्या चार घड्या,
वरच्या खिशात.
बादली भरत आली होती, जाताना
ती त्यांनीच उचलून बाहेर ओतली.