दलदलवाले फार ताकदवान झालेत

तेरा वर्षांनी खेळाचा विस्तार आला
आणि मिश्कोल्ट्समध्ये, आवाश टेकडीवरच्या आठव्या मजल्यावर,
तिहामेरच्या स्वयंपाकघरात आम्ही पुन्हा चौघं जमलो.
म्हणजे तिघं.
चौथ्या खुर्चीवर आता कोट ठेवतो.

नियम जुनाच : एक संगणक, एक माउस,
ज्याची पाळी त्यानं बसायचं.
बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून
पावाला डुकराची चरबी लावायची, कांदा चिरायचा,
नकाशाकडे बघायचं नाही.

तिहामेरचं मत पहिल्याच रात्री ठरलं :
दलदलवाले फार ताकदवान झालेत.
सहाव्या दिवशीच बेडकांवर बसून येतात,
दाराशी उभे राहतात
थकलेलं वीजबिल मागायला आल्यासारखे.
"ही काय व्यूहरचना झाली? रडीचा डाव नुसता!"
(तो स्वतः दलदलवालेच घेतो.
तीनदा जिंकलाय.)

बोग्लार्काला हिवाळा आवडला.
नकाशावर बर्फ पडतो, रस्ते पुसले जातात,
सैन्य जिथल्या तिथे थांबतं, धान्य घटत जातं
आणि कुणालाच दोष देता येत नाही.
ती इस्पितळात रात्रपाळी करते.
"बरं केलं," म्हणाली,
"आधी तिथं बाराही महिने मे असायचा."

तिचा मुलगा मार्सेल, वय चौदा, तोंडात घास,
म्हणाला, किंमत फार लावलीय,
आणि वाट बघत बसायचं कशाला?
सगळ्यांनी एकदमच खेळावं की.

चर्चमध्ये कुणी शिट्टी वाजवावी
तसं आम्ही त्याच्याकडे पाहिलं.

मी बदलांची यादी वाचली.
एकशे बारा कलमं, भाडेकरार वाचावा तशी, चष्मा लावून.
धनुर्धरांचा पल्ला एका घरानं कमी.
मिठाच्या खाणीचं उत्पन्न वाढवलं.
कलम एकाहत्तर :
दक्षिणेच्या होडीघाटावर घोडदळ अडकून
एकाच पाळीत दोनदा चालू शकत असे.
ही चूक दुरुस्त केली आहे.

चूक.

सिलार्डनं शोधली होती ती,
ज्या हिवाळ्यात पोलादाच्या भट्ट्या विझल्या
आणि आम्हा सगळ्यांकडेच वेळ उदंड होता.
होडी, घोडा, पुन्हा होडी, डावं बटण दोनदा,
आणि मागे वळून म्हणायचा,
"मी काय करू? नदीच म्हणाली, जा."
आम्ही आरडाओरडा केला. मतदान घेतलं.
तीन विरुद्ध एक, बंदी.
तरी करायचाच.
आता लिन्झला वेल्डर आहे तो.
नाताळात फोन करतो, तब्येत विचारतो,
भाड्याचे दर सांगतो.
खेळाचं काढत नाही.

जुने अर्धवट डाव नव्या आवृत्तीत उघडणार नाहीत,
हेही लिहिलंय, कलम एकशे नऊ.
म्हणून जुना संगणक टाकलेला नाही.
भट्टीशेजारी उभा आहे, वर बटाट्यांची पिशवी.
सुरू केला की आधी खोकतो,
मग हळूहळू नकाशा उजळतो :
दिवस दोनशे सतरावा,
घोडदळ होडीघाटावर,
आणि वरच्या कोपऱ्यात, पाळी : सिलार्ड.

खेळ बनवणाऱ्यांनी अभिप्राय मागवलाय,
पाचपैकी किती चांदण्या.
तिहामेर म्हणतो दोन. बोग्लार्का चार.
मार्सेलला विचारलं तर म्हणाला, हं.
मी चांदण्यांची जागा कोरीच सोडली, खाली लिहिलं :
हिवाळा उत्तम.
बेडकांचा वेग कमी करावा.
होडीघाटावर चूक नव्हती.

शेवटचं वाक्य खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

"ए, तुझ्यावर राज्य!" तिहामेर ओरडला.
सुरी ठेवली, कांद्याचे हात विजारीला पुसले,
बसलो.
माझ्या शहरात सात पोती धान्य,
तटबंदी अर्धीच बांधलेली,
आणि बेडूक दाराशी आलेले.