डाग

आमच्या धंद्यात एकच शब्द तीन ठिकाणी राबतो.
जोड दिला, तो डाग.
अंगावर घातला, तोही डाग.
आणि जोड देताना हात जड झाला
की जे उरतं,
त्याला तर सारं वसमत डागच म्हणतं.

बाबांनी बोलून शिकवलं नाही.
मोहरीएवढी कतरण चिमट्यात धरायचे
आणि माझ्यासमोर तिची पुन्हा अर्धी करायचे.
टाकणखार पिसानं. फुंकणीतून श्वास
दिव्याची जीभ वाकेल इतकाच.
एवढं करूनही कतरण जास्त झालीच तर
ती पळत सुटते नको तिथं,
घुगऱ्यांच्या गळ्यात, तारेच्या पिळात,
खाचा बुजवत, नक्षी आंधळी करत.
मग क्षणाच्या चुकीला दोन दिवस कानस.
माझी पहिली दोन वर्षं
अशीच कानशीखाली गेली.

धूरपती तांड्यावरून आली बाजाराच्या दिवशी.
मेडिकलच्या पिशवीत टोपली, सासूच्या सासूची,
आणि तिच्या कडीवर
वाटाण्याएवढा राखाडी गोळा.
कथील.
चांदीवर कथील कुणी लावतं का, मी जरा चढ्यानंच विचारलं.
"मह्या नवऱ्यानं. बोअरच्या मोटारी भरायचा.
त्याच्यापाशी तेवढंच होतं."
मग हसली. "काढ माय सगळं.
त्याला मोजून काहीच जमलं न्हाई कधी.
खिचडीत मीठ टाकलं तर अख्खी मूठ."

कथलावर मोठा जाळ चालत नाही.
तापलं की ते चांदी खायला लागतं,
आतून, मुकाट, वाळवीसारखं.
म्हणून आधी नुसती ऊब दिली,
गोळा घामेजला, तेव्हा
झटकला फडक्यावर.
उरलं ते खरवडणीनं. मग सुईकानस.
धूरपती पायरीवर बसून शेंगा सोलत होती,
टरफलं पदरात जमवत.

गोळ्याच्या आत तार निघाली.
तांब्याची, मोटारीतली, केसाहून थोडी जाड.
तीन वेढे.
एकाला एक खेटून, सरळ,
मधून नख जाणार नाही.
टोक आत दाबलेलं, लुगड्याला टोचू नये म्हणून.
आणि तारेखाली चांदीवर
ब्लेडच्या बारीक रेघा, उभ्या-आडव्या,
कथलाला धरायला जागा मिळावी म्हणून
कुणीतरी बसून ओढलेल्या.

मी कानस खाली ठेवली.
बाबा असते तर भिंगातून बघून
नुसतं "हं" म्हणाले असते,
आणि ते "हं" मला कधी मिळालं नव्हतं.

तिला दाखवलं.
शेंगांची बोटं पुसून तिनं टोपली उजेडात धरली.
"किती हायत?"
तीन, म्हटलं.
"मोटारीचे मोजायचा," ती म्हणाली. "रात्री झोपेतसुद्धा."
बराच वेळ धरून बसली.
मग म्हणाली, "आता काढ. कडी निसटली तर
लग्नात कुठं शोधू?"

काढली.
मोहरीची अर्धी कतरण घेतली,
थोडा विचार करून तिची पुन्हा अर्धी केली.
जोड बसला, दिसेना असा बसला.
चिंचेच्या पाण्यात, रिठ्याच्या फेसात
टोपली पांढरी झाली.
फक्त कडीच्या मुळाशी एक खड्डा राहिला,
कथलानं आधीच खाल्लेला.
तिथं कानस मी लावली नाही.
घासून सपाट होतं, पण कडी बारीक होते.

वीस रुपये कमी देऊन गेली.
तार पिशवीत घातली का, ते बघायचं राहिलं.

संध्याकाळी दुकान झाडताना
कथलाचा कीस वेगळा काढला, कागदात.
दिवाळीनंतर झारेकरी येईल,
वर्षाची माती धुवून नेईल,
त्यात हा मिसळला तर त्याचीही चांदी नासायची.
कागदावर काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं: धूरपती, टोपली, डाग.
तिन्हीपैकी कुठला, ते लिहिलं नाही.