पाचव्या रात्रीचा ताप

एकशे दोन पूर्णांक चार.
सिस्टर जॉलीने थर्मामीटर झटकला, पुन्हा काखेत ठेवला,
पुन्हा तेच.
"मॅडम, बेड एकोणीस."
अडीच वाजलेले. कळव्याच्या या वॉर्डात
सहापैकी दोनच पंखे फिरतात,
आणि ओहोटीची खाडी खिडकीतून आत येऊन बसते,
नुसत्या वासाने.

जोमा भोईर, वय त्रेपन्न, राहणार खारेगाव.
मंगळवारी पहाटे पोट उघडलं,
मिरीएवढं भोक शिवलं, धुतलं, मिटलं.
शुक्रवारी वारा सरला. काल पेज प्याला.
आम्ही सगळे खूश,
जणू आम्हालाच भूक लागली होती.

पहिल्या रात्री अंग कोमट होतं, तेव्हा मी काही केलं नाही.
कापलं की शरीर थोडं रागावतंच,
त्याला लगेच समजावायला जाऊ नये,
असं कर्णिक मॅडम म्हणतात.
पण पाचव्या दिवसाचा ताप पाहुणा नसतो.
तो घरातलाच कोणीतरी असतो
आणि दिवा न लावता शोधता येत नाही.

दिवा लावला. शेजारचा अठरा नंबर कुरकुरला.
"काका, उठून बसा. श्वास घ्या. अजून."
उशी पोटाशी कवटाळून ते खोकले.
पाठीत खाली दोन्हीकडे हवा जातेय, थोडी आळसात.
लघवीची नळी परवाच काढली. जळजळ? नाही.
ड्रेसिंग सोडलं:
टाके कोरडे, कडा थंड, दाबलं तरी काही येत नाही.
आतली शिवण उसवली असेल का,
हा प्रश्न मी मोठ्याने विचारत नाही,
बोटांना विचारते.
पोट मऊ.
बोटांनी दोनदा सांगितलं, मी तिसऱ्यांदा विचारलं.
पोटऱ्या टेपने मोजल्या. सारख्याच,
मिठागरात चालून चालून आटलेल्या.

मग उरला डावा हात,
निळ्या फडक्यात गुंडाळलेला, पलंगाच्या दांडीला बांधलेला.
"मीच बांधला, बाय," चांगुणाबाई म्हणाल्या.
"सुई दिसली का झटकतान. म्हनून झाकला."

फडकं सोडलं.
मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ निघालेली,
शीर सुतळीसारखी कडक,
सुईच्या तोंडाशी पिवळा थेंब.
आणि पट्टीवर तारीख.
सोळा. रात्री नऊ वाजून दहा मिनिटं.
खाली सही, घाईतली, शेपूट वर गेलेली.
माझी.

तीन दिवसांत बदलायची असते सुई.
हे मी दर सोमवारी इंटर्नना सांगते,
खडू हातात घेऊन.

सुई काढली. उजव्या हाताला नवी लावली.
तरीही रक्त पाठवलं, दोन बाटल्या, दोन जागांचं;
सापडलेलं पहिलं कारण
शेवटचं असतंच असं नाही.
उद्या सोनोग्राफीही लिहिली, पोटावर विश्वास असूनही.
केसपेपरवर: डाव्या हाताची शीर सुजलेली, सुई काढली.
कोणी लावली होती, याला रकाना नाही.
पट्टी मी कचऱ्यात टाकली,
मग उचलून तिथेच कागदावर चिकटवली.

सहाला शंभर पूर्णांक दोन.
उतरतोय म्हणायचं की नाही, ते दुपारी ठरेल.

"कसला ताप होता, बाय?"
"सुईचा."
आणि मग, कारण त्या अजून बघत होत्या,
"मी लावली होती. बदलायची राहिली. त्यावर फडकं होतं,
पण ते मी रोज सोडून बघायला हवं होतं."

चांगुणाबाईंनी ऐकून घेतलं.
बरं म्हणाल्या नाहीत, वाईटही नाही.
निळं फडकं उचलून नळाकडे गेल्या,
बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला,
आणि परत येऊन त्यांनी ते खिडकीच्या गजांवर पसरलं,
नवऱ्याचा उजवा हात उघडाच ठेवून.