एक पाऊल आत

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी एरुंदिना डबा उघडते.
वर साय धरलेली असते, पिवळी, रबरासारखी.
ती काडीनं उचलते, गवताला पुसते
आणि मला म्हणते, धर.
डबा मी धरायचा, ब्रश तिचा.
गेली सहा वर्षं हेच ठरलेलं.

मी नगरपालिकेत. माझ्याकडं नकाशा आहे.
नकाशावर दीपगृहापासून कोर्मेलाच्या घळीपर्यंत
अकरा किलोमीटर, तुटक रेघ, सोपी वाट.
थंडीतल्या तीन वादळांनी त्यातलं काय काय नेलं
ते बघून लिहायचं, हे माझं काम.
पहिल्याच वळणावर मी कागद घडी करून खिशात टाकतो.
जिथं रेघ आहे तिथं हवा आहे.
खाली, बरंच खाली, नवे कोरे दगड,
अजून शेवाळसुद्धा न धरलेले.

"किती?" मी विचारतो.
ती काठ न्याहाळते, उसवलेली शिवण बघावी तशी.
"इथं एक पाऊल," म्हणते, "तिकडं दोन."
आणि आतल्या खडकावर खूण उमटते:
दोन बोटं रुंद, वीतभर लांब,
ओघळ आलाच तर अंगठ्यानं टिपलेला.

ते अंगठे बघा कधी.
चाळीस वर्षं ती कातळाला बिलगून
लोखंडी पट्टीनं पेर्सेबेस खरवडत होती,
काळ्या मानांचे, नखं फुटलेल्या बोटांसारखे जीव,
माद्रिदात ज्यांना सोन्याचा भाव.
सातवी लाट मोठी असते म्हणतात.
"हे मोजून परत आलेल्यांनी सांगितलं," ती म्हणते,
"आठवीनं नेलेल्यांनी नाही."
तिची बहीण, ओब्दुलिया.
एवढंच. मग पुढची खूण कुठं, ते बघते.

जूनपासून चालणारे येतात, दोन-दोन काठ्या टेकत.
विचारतात, ही वाट किती जुनी?
मी सांगतो, फार.
रंग अजून बोटाला लागत असतो.

बाल्बिनोच्या कोबीपाशी मात्र वाट संपायलाच आली होती.
डावीकडं समुद्र, उजवीकडं त्याचा गडगा,
मधे गेल्या साली दोघांनी बोलत जावं एवढं गवत,
यंदा बकरीनंही विचार करावा इतकं.
मी तीन पत्रं पाठवली, शिक्क्यासकट.
एरुंदिना एकदाच गेली.
तो म्हणाला, माझ्या आज्यानं रचलाय.
ती म्हणाली, समुद्र तुझ्या आज्याला ओळखत नाही.
झालं. तेव्हापासून रविवारच्या मिस्सेला
दोघं दोन टोकांच्या बाकांवर.

आज तिथं पोचलो, काटेरी झुडपांतून अंग चोरत,
तर गडगा एका जागी जमिनीपर्यंत उतरवलेला,
दगड बाजूला रचलेले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
कोबीच्या दोन ओळी उपटलेल्या,
आणि मातीत पाय रुतू नये म्हणून
एक जुनं दार आडवं टाकलेलं.
दाराला अजून कडी.
बाल्बिनो दगडी पायांवरच्या कणगीला टेकून
भलतीकडंच बघत उभा.

एरुंदिना बोलली नाही काही.
दारावर खूण करावी का, जरा थांबली,
मग कडीशेजारीच ओढली,
नेहमीपेक्षा जाड.
"कोबी देतोस?" तिनं ओरडून विचारलं.
"उपटलेलाच आहे," तो ओरडला. "ने. कीड लागलीय."

कीड नव्हती.

परतताना ओहोटी.
खाली एक दगड उघडा पडला होता, तिरपा,
त्याच्यावर पिवळं काहीतरी.
तीन की चार सालांपूर्वीची आमचीच खूण,
अजून दिशा दाखवत होती,
खेकड्यांना म्हणा, कुणालाही.
तिनं बघितलं. मीही.
डबा हलका झाला होता, कोबी जड.

अहवालात लिहिलं: वाट सुस्थितीत.
लांबी: मोजलेली नाही.