मनगट

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या,
आणि आठवड्यात रत्नागिरी स्टेशनवर
एकशे बारा पोरं उतरली.
सोबत कुणी नाही, असं पंचनाम्यात.
कुणाच्या पिशवीत चुरमुरे, कुणाच्या नुसता चार्जर.

परिपत्रक आलं शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत:
अठराच्या आतले बालगृहात,
वरचे मोकळे.
बालगृहात खाटा चाळीस.

आधारवर सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा,
म्हणून टेम्पो भरून माझ्याकडे,
क्ष-किरण विभाग, खोली नऊ.

चोवीस वर्षं मी मनगटं बघतोय.
कलमांवरून पडलेली, घाटात घसरलेली.
हाड वाढत असतं तिथे एक फट दिसते,
काळी, केसाएवढी.
फट आहे तोवर मूल.
बुजली की खलाशी.

सुकरा टोप्पो, जिल्हा सिमडेगा.
हात ठेव म्हटलं, ठेवला. काच गार होती.
हळूच म्हणाला, साहेब, अठरा लिहा,
तांडेल पोराला अर्धाच पगार देतो.
त्याच्यामागे कैलालीचा दिलबहादूर.
त्याला घरी जायचं होतं.
गाडीच्या संडासात त्यानं मिसरूड खरवडलेलं,
ओठावर ब्लेडची रेघ, ताजी.

पाटणे मॅडम लिहितात: सोळा ते अठरा,
दोन वर्षं इकडे-तिकडे.
संशयाचा फायदा मुलाला द्यावा, कायदा म्हणतो.
फायदा कुठल्या बाजूला, ते लिहिलेलं नाही.

दुपारी तहसीलमधून फोन:
खाटा किती लागतील तेवढंच सांगा.
चाळिसावी भरली तेव्हा चार वाजले होते.
एकेचाळिसाव्यापासून फटी बुजत गेल्या.
मशीन तेच.
मीही तोच, शिशाचा एप्रन घातलेला,
ज्यातून काही आत येत नाही म्हणतात.

मॅडमनी एकदा चष्मा काढून पुसला.
मग सही केली.

आठवड्यानं मिरकरवाड्याला गेलो, बांगड्यांसाठी.
टोपलीपाशी एक पोरगा मोजत होता, त्याच्या भाषेत.
चेहरा आठवेना.
मनगट ओळखलं.
तिथे फट होती. मी पाहिली होती.

पाचशेची नोट दिली. सुटे नव्हते त्याच्याकडे.
उद्या देतो, म्हणाला, इथेच असतो मी.
मागे बोटीत बर्फ चढवत होते,
दहा दिवसांचा तरी असेल.